गॉलवेची कालवं: तंबूतली आणि ओहोटीतली

सांजवारा

आयर्लंडात येऊन सहा वर्षं झाली. दर सप्टेंबरात ऑफिसातलं कोणीतरी विचारतंच, "गॉलवेला जाणार का, ऑयस्टर खायला?" आणि दरवर्षी मी हसून विषय बदलते. यंदा गेले. खाल्लीही. मोजून अकरा.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा उत्सव १९५४ सालचा. गॉलवेच्या आयर चौकात ग्रेट सदर्न नावाचं हॉटेल होतं (इमारत आजही आहे, नाव बदललं), त्याचे व्यवस्थापक ब्रायन कॉलिन्स. उन्हाळा सरला की पर्यटक घरी आणि खोल्या रिकाम्या. पण त्याच सप्टेंबरात खाडीतली कालवं काढण्यावरची उन्हाळी बंदी उठते. या दोन गोष्टींची कॉलिन्ससाहेबांनी गाठ मारून दिली. थोडक्यात, हॉटेलवाल्याने खोल्या भरायला काढलेली युक्ती. मला हे फार आवडलं, निदान कोणी त्याला पुराणकथा तरी चिकटवली नाही. त्याच वर्षी जवळच्या क्लॅरिनब्रिज गावानेही स्वतःचा उत्सव सुरू केला. कालवांचे थर खरं तर त्या गावाच्या अंगाला आहेत, त्यामुळे दोघांत थोडी चुरस असणारच.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून गाडीत बसलं की अडीच तासांत गॉलवे. उतरलो तेव्हा ऊन होतं, चौक ओलांडेपर्यंत पाऊस आला, स्पॅनिश आर्चपाशी पोचेपर्यंत दोन्ही एकदम. उत्सवाच्या तंबूच्या दाराशी छत्र्यांचा ढीग आणि आत लग्नघर. बायका डोक्यावर पिसांच्या टोप्या घालून, पुरुष सुटात, हातात काळ्याभोर गिनेस बिअरचे ग्लास. बँड वाजतोय, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाहीये, आणि तरी सगळे बोलतायत.

माझा नवरा शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. तो केवळ सोबती-कम-फोटोग्राफर म्हणून आला होता आणि सगळ्यात जास्त रंगला तोच. कारण कालवं उघडण्याची जागतिक स्पर्धा. वेगवेगळ्या देशांतले विजेते येतात, प्रत्येकाच्या पुढ्यात तीस कालवं, हातात आखूड पात्याची बोथटसर सुरी. तीसही नेटिव्ह, म्हणजे इथली मूळची, चपटी. वेळ लावला जातो, पण नुसत्या वेळेवर निकाल नाही. मांस शिंपल्यापासून नीट सुटं झालं नसेल, फाटलं असेल, कच राहिली असेल किंवा स्वतःच्या बोटाचं रक्त लागलं असेल, तर दंडाचे सेकंद वाढतात. त्यामुळे जो आधी हात वर करतो तो जिंकलाच असं नाही. एक जण सगळ्यांच्या आधी संपवून छाती पुढे काढून उभा होता. पंच एकेक शिंपला वाकून वाकून तपासायला लागले तसतशी त्याची छाती आत जात गेली. नवरा माझ्या कानात म्हणाला, "बोर्डाच्या पेपरासारखं आहे गं."

आता खाण्याचं. पहिलं कालव मी सिनेमात बघितल्यासारखं मान मागे टाकून गिळलं. पलीकडे उभ्या असलेल्या आजीबाईंनी चक्क मला झापलं. चावायचं! न चावता गिळलंस तर खाल्लंस कशाला? दुसरं चावलं. आधी समुद्र. म्हणजे लाटेत तोंड उघडं राहिल्यावर येतो तो समुद्र. मग थोडी गोडी, आणि चावून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला तांब्याची चव. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायलात ना, त्या चवीच्या जवळची. त्यावर इथला काळसर सोडा ब्रेड आणि लोणी, वर गिनेसचा घोट. लिंबू दिलं होतं. आजीबाईंच्या धाकाने पिळलं नाही.

सहा खाल्ली. मजा आली, नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी खोलीवर आल्यावर वाटलं, ज्या प्राण्यासाठी एवढा बँडबाजा, तो राहतो कुठे, त्याला वाढवतं कोण, याबद्दल तंबूत चकार शब्द नव्हता. नवरदेवाशिवाय वरात.

म्हणून सुट्टी वाढवली आणि कॉनेमाराला गेलो. लेटरफ्रॅक गावाजवळ बॅलिनाकिल नावाची खाडी आहे, तिथे कालवांची शेती आहे आणि आगाऊ कळवलं तर दाखवतात. फोन केला तर पलीकडच्या माणसाने वार नाही विचारला, म्हणाला, "ओहोटी कधी आहे ते बघून या." कारण कालवं वाढवायची बाकडी उघडी पडतात ती फक्त उधाणाच्या दिवसांतल्या खोल ओहोटीला. बाकी पंधरवडा सगळं पाण्याखाली.

दुपारी बाराच्या सुमाराला मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून आत शिरलो. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये राखाडी चिखल, आणि त्यात गुडघ्याएवढ्या उंचीच्या लोखंडी बाकड्यांच्या रांगा. बाकड्यांवर जाळीच्या काळ्या पिशव्या रबराने आवळलेल्या. एकेका पिशवीत शेकडो कालवं. बीज म्हणजे कालवांची पिल्लं हॅचरीतून, पैदास केंद्रातून, विकत आणतात, नखाएवढी. तिथून ताटात जाण्याजोगं व्हायला दोन ते चार वर्षं. त्या काळात दर उधाणाला येऊन पिशव्या झटकायच्या, उलटायच्या, शेवाळ काढायचं, वाढलेली निवडून मोठ्या भोकांच्या पिशवीत घालायची. झटकलं नाही तर कालवं एकमेकांना चिकटतात, लांबट वाढतात, शिंपला पातळ राहतो. झटकल्याने कडा मोडतात आणि तो प्राणी बाहेर वाढण्याऐवजी खोलगट होतो, आत मांस भरतं. आपण रोपाचा शेंडा खुडतो तसंच.

खायला काही घालत नाहीत. खत नाही, औषध नाही. जे काही आहे ते पाण्यातून येतं. मला एवढा वेळ ही मत्स्यशेती वाटत होती. प्रत्यक्षात हे लोक पाण्याची राखण करतात आणि कालवं त्या पाण्याचा हिशेब ठेवतात.

शेतकऱ्याच्या हाताकडे बघत होते. बोटांना जागोजागी चिरा. तो दोन कालवं एकमेकांवर आपटायचा आणि कान द्यायचा. भरलेल्याचा आवाज दगडासारखा, मेलेल्याचा पोकळ. न बघता, बोलता बोलता, बाजूला फेकायचा. नारळ वाजवून घेतात तसं.

तिथे उभ्या उभ्या, चिखलात, वाऱ्यात, उरलेली खाल्ली. ब्रेड नाही, बँड नाही. तंबूतल्यापेक्षा कितीतरी चांगली लागली. भूक लागली होती हेही खरं.

कोणी जाणार असाल तर सांगायचं एवढंच, उत्सवाला जा, पण एक दिवस ओहोटीसाठी ठेवा. फोटो जमेल तसे टाकते.

---

चिमटा

पहिला प्रतिसाद माझा! लेख झकास. पण एक विचारतो, ती जिवंत असतात ना हो खाताना? चावताना काही वाटलं नाही?

सांजवारा

असतात. उघडेपर्यंत तरी नक्कीच. किंबहुना जिवंत असणं हीच ताजेपणाची खूण. तोंड किंचित उघडं दिसलं तर टिचकी मारायची, मिटलं तर ठीक, नाही मिटलं तर कचऱ्यात. वाटलं म्हणाल तर पहिल्याला वाटलं. दुसऱ्याला आजीबाईंची भीती जास्त वाटली.

खाडीकाठ

वाचनखूण साठवली. फोटो मात्र दिसत नाहीयेत.

आम्ही कालवं खाऊन वाढलो, पण कच्ची? नाव काढलं असतं तर आईने उलथनं हाणलं असतं. तिकडे शिजवून खातच नाहीत का कोणी?

सांजवारा

फोटो परत चढवते. शिजवूनही खातात की. अर्ध्या शिंपल्यात लसूण-लोणी आणि ब्रेडचा चुरा घालून भाजतात, दुधाळ सुपात घालतात. पण उत्सवात ऐट कच्च्याची. आपल्याकडच्या कालवांवर तुम्हीच वेगळा धागा काढा ना, मी वाचायला पहिली.

प्लवंग

लेख आवडला, पण एक घोटाळा दुरुस्त करतो. तुम्ही तंबूत खाल्लं ते आणि चिखलात खाल्लं ते, हे दोन वेगळे प्राणी आहेत.

तंबूतलं नेटिव्ह म्हणजे ऑस्ट्रिया एड्युलिस. युरोपचं मूळचं. गोलसर, चपटं, सावकाश वाढणारं. हे बहुतेक करून पिशवीत वाढवत नाहीत. खाडीच्या तळावर त्यांचे नैसर्गिक थर असतात, तिथून होडीमागे खरवडणारी जाळी ओढून काढतात. तांब्याची चव याचीच.

पिशव्यांतलं म्हणजे पॅसिफिक कालव, लोक गिगास म्हणतात. मूळ जपानकडचं. लांबट, खोल, कडा झालरीसारख्या. १९७०च्या आसपास फ्रान्समधली पोर्तुगीज जातीची कालवं एका विषाणूने जवळपास साफ झाली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी हे आणलं आणि मग ते सगळीकडे पसरलं. आज आयर्लंडात जी शेती होते ती जवळजवळ सगळी याची, आणि त्यातलं बरंचसं फ्रान्सलाच जातं.

म्हणजे मिरवणूक एकाची आणि दुकान चालतं दुसऱ्याच्या जिवावर. घराण्यात असा एखादा भाऊ असतोच.

सांजवारा

आई गं. म्हणूनच चव इतकी वेगळी लागली! मी वाऱ्याला आणि भुकेला श्रेय देऊन मोकळी झाले होते. चिखलातल्यात तांबं नव्हतं, काकडीसारखं काहीतरी होतं.

प्लवंग

काकडी बरोबर. गिगासबद्दल बरेच जण हेच सांगतात.

कोरा_चहा

ते इंग्रजी महिन्यांत 'र' असेल तरच खायची, असं ऐकलंय. सप्टेंबर ते एप्रिल. थंडीतलं पथ्य असावं, फ्रिज नव्हते तेव्हाचं?

प्लवंग

अर्धं तेच. उरलेलं अर्धं जास्त रंजक आहे.

नेटिव्हची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. नराचं बीज पाण्यातून आत ओढून घेते आणि पिल्लं आठ-दहा दिवस स्वतःच्या शिंपल्यात सांभाळते. लाखांच्या घरात. सुरुवातीला ती पांढरी दिसतात, मग त्यांना इवले शिंपले फुटायला लागतात तशी करडी होत होत काळपट होतात. अशा वेळी ते कालव खाल्लं तर तोंडात वाळू. हे घडतं पाणी तापल्यावर, म्हणजे मे ते ऑगस्ट, आणि त्या चारही महिन्यांच्या इंग्रजी नावात 'र' नाही. आयर्लंडात त्या काळात नेटिव्ह काढायला बंदीच असते. आपल्याकडे गाभोळीच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवतात, त्यातलाच प्रकार.

आणि 'मादी' म्हटलं ते त्या हंगामापुरतं. हेच कालव पिल्लं सोडून झाली की नर होतं, पुढे पुन्हा मादी. आयुष्यभर पाळी बदलत राहते.

गिगासचं तसं नाही. ते सगळं पाण्यात सोडून देतं. पण त्यासाठी पाणी चांगलंच कोमट लागतं आणि आयर्लंडचा समुद्र सहसा तेवढा तापत नाही. शिवाय हल्ली गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेलं बीज मिळतं. ते गाभोळीला येतच नाही, म्हणून उन्हाळ्यातही मांसल राहतं. बिनबियांच्या कलिंगडाची युक्ती. त्यामुळे गिगास बारा महिने, 'र'चा नियम नेटिव्हपुरता.

चिमटा

म्हणजे नवरा-बायको आलटून पालटून. आमच्या घरी ठरलं होतं, एका हंगामापलीकडे टिकलं नाही.

डॉ_खवचट

सगळे चवीत रमलेत म्हणून मी पाणी ओततो, सवयीप्रमाणे.

मोठं कालव दिवसाला शंभर-दोनशे लिटर पाणी गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते त्याच्यात साठतं. म्हणून युरोपात कालवांच्या पाण्याचे अ, ब, क असे वर्ग आहेत आणि तपासतात ते पाणी नव्हे, कालवाचं मांस. शंभर ग्रॅममध्ये ई कोलाय जिवाणू २३० च्या आत असतील तर अ वर्ग, थेट विकता येतं. त्यातही प्रत्येक नमुना नव्हे, शंभरातले ऐंशी तरी बसावे लागतात. ब वर्गाला आधी शुद्ध पाण्याच्या टाक्यांत ठेवून पोट धुऊन घ्यावं लागतं. ते पाणी बहुतेक ठिकाणी अतिनील दिव्याखालून फिरवतात.

पण यात एक भोक आहे. जिवाणू निघून जातात, नोरोव्हायरस चिवट असतो, टाकीत ठेवून तो पुरता जात नाही. आणि त्याचा जोर नेमका थंडीत, म्हणजे तुमच्या 'र'वाल्या महिन्यांत. मोठा पाऊस होऊन गटारं तुंबून वाहिली की पुढचे काही दिवस जास्त जपायचं.

निरोगी माणूस दोन दिवस न्हाणीघरात काढून उठून बसतो. पण यकृताचा आजार, मधुमेह, केमो चालू असलेले, गरोदर बायका, अगदी म्हातारी माणसं, यांनी कच्चं कालव खाऊ नये. 'थोडंसं चाखते' हेही नको. उबदार समुद्रांत व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो, यकृत बिघडलेल्याला तो जिवावर बेततो. भाजून, पूर्ण शिजवून खा, कोणी अडवलंय.

लिंबू पिळल्याने किंवा वर दारू प्यायल्याने जंतू मरतात असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

एकदा_पोळलेला

डॉक्टरांच्या प्रतिसादाला +१. दुसऱ्या एका देशात, एका बंदरावरच्या टपरीवर, हौसेने डझनभर. पुढचे छत्तीस तास मी भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या. एकशे बारा. एक फुटकी.

कोरा_चहा

बरं, मोती सापडला का एखाद्यात?

सांजवारा

नवऱ्याने हाच प्रश्न शेतकऱ्याला विचारला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की दर पाहुणा विचारतो. खाण्याची कालवं आणि मोत्याची वेगळी, दोघांचं नातं लांबचं. यांच्यात कधी चुकून काही झालंच तर खडूसारखा मंद खडा, दागिन्यात बसवण्यासारखा नाही. दात तेवढा तुटेल.

शेंगदाणा

मी वीगन आहे आणि हा धागा वाचवत नाही. "जिवंत असणं हीच ताजेपणाची खूण", हे वाक्य पुन्हा एकदा वाचा सगळ्यांनी.

चिमटा

आला. कोणीतरी येणारच होतं. मीठ-मसाला घेऊन बसतो.

प्लवंग

शेंगदाणा, तुमचा आक्षेप गंभीर आहे, थट्टा नको. माहिती म्हणून सांगतो. कालवाला मेंदू नसतो, चेतापेशींचे दोन-तीन गोळे असतात. त्यामुळे काही वीगन मंडळीही पिशवीतली कालवं खातात. चारा लागत नाही, समुद्रतळ खरवडावा लागत नाही, पाणी उलट निवळतं. म्हणून तुम्हीही खा असं मी म्हणणार नाही. सुरी लागल्यावर ते मिटतं, हेही मी पाहिलंय.

शेंगदाणा

नीट उत्तर दिल्याबद्दल आभार. मत बदललं नाही. गोळे दोन असोत की दोनशे.

सांजवारा

मान्य. आमच्या घरातही हेच दोन पक्ष आहेत आणि गाडी एकच. त्याने पूर्ण दिवस सोडा ब्रेड आणि सफरचंदांवर काढला.

कॉरिबकाठ

गॉलवेत अकरा वर्षं राहतोय. थोडा वेगळा सूर लावतो.

तंबूत गावातले लोक कमी, बाहेरचे फार. तिकिटांचे दर बघितले तर का ते कळेल. आम्ही त्या आठवड्यात तिकडे फिरकत नाही. आम्ही जातो किलकॉलगनला, ऑक्टोबरातल्या एखाद्या मंगळवारी. गॉलवेपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. नदी खाडीला मिळते तिथे, काठावर गवताने शाकारलेलं जुनं घर आहे, मोरान्स, कालवं खायची जागा. पिढ्यान् पिढ्या एकाच कुटुंबाकडे. खिडकीत बसलं की नदीही दिसते आणि भरतीही. त्या कालवांची चव तिथेच कळते, कारण नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी यांचं मचूळ मिश्रण दर भरतीला बदलत असतं.

पण सांजवारांनी उत्सवाला 'नवरदेवाशिवाय वरात' म्हटलं ते मला पूर्ण पटलं नाही. १९८०च्या दशकात बोनॅमिया नावाचा परजीवी आयर्लंडात शिरला आणि ठिकठिकाणची नेटिव्ह कालवं गेली. त्याआधी शंभर वर्षं युरोपभर लोकांनी खाऊन खाऊन थर संपवले होते ते वेगळंच. आज नेटिव्ह काढून कोणाचं घर चालत नाही, हंगामातल्या थोड्या दिवसांची कमाई असते. तरी गॉलवेत नेटिव्हचं नाव टिकलंय. कशामुळे? तीस नेटिव्ह उघडायची स्पर्धा आहे म्हणून. पिसांच्या टोप्या आहेत म्हणून. हॉटेलवाल्याची युक्ती नसती तर ही जात फक्त प्लवंगसारख्यांना माहीत राहिली असती.

सांजवारा

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी तंबूला जरा स्वस्तात काढलं.

तरी एक सांगते. स्पर्धेतल्या माणसांची नावं पुकारली जात होती, देशांचे झेंडे होते, बक्षिसं होती. ती कालवं कोणी काढली, कुठल्या थरातली, हे कोणी पुकारलं असतं तर दहा सेकंद लागले असते. माझं भांडण त्या दहा सेकंदांपुरतं.

कॉरिबकाठ

त्या दहा सेकंदांना माझाही पाठिंबा.

प्लवंग

मी नेटिव्हच्या थरांच्या पाहणीसाठी होडीवर गेलोय. नेटिव्हला किमान मापाची कडी असते, ७६ मिलिमीटरची. काढलेलं प्रत्येक कालव कडीतून घालून बघायचं, आरपार गेलं तर परत पाण्यात. डिसेंबरातला वारा, गोठलेले हात, आणि दहातली सात-आठ परत पाण्यात. फार शांत काम आहे. कोणी शिव्याही देत नाही, थंडीने तोंड उघडत नाही.

पाटपाणी

मी घरी उघडून बघायच्या विचारात आहे. सुरी कुठली? यूट्यूबवर बघून हात कापून घ्यायचा नाहीये.

सांजवारा

शेतावर शिकवलं ते सांगते. साधी धारदार सुरी अजिबात नको. आखूड, जाड, बोथट पात्याची खास सुरी येते. डाव्या हातात जाड कापडाची घडी, तिच्यात कालव, खोलगट बाजू खाली, बिजागरी आपल्याकडे. टोक बिजागरीत रोवायचं आणि ढकलायचं नाही, किल्लीसारखं फिरवायचं. मी ढकलत होते. शेतकऱ्याने माझा हात धरून थांबवला, त्याच्या अंगठ्याखालचा जुना व्रण दाखवला आणि काही न बोलता सुरी परत दिली. बिजागरी सुटल्याचा टक असा आवाज येतो. मग पातं वरच्या शिंपल्याला घासत न्यायचं, स्नायू कापला की झाकण निघतं. आतलं पाणी सांडायचं नाही. पहिलं पाणी ओतून दिलं तर थोड्या वेळाने ते पुन्हा झरतं, काही लोक मुद्दाम तसं करतात.

घरी ठेवायची तर फ्रिजमध्ये, खोलगट बाजू खाली, ओल्या फडक्याखाली. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची नाहीत, मरतात. बंद डब्यातही नाही, गुदमरतात.

पाटपाणी

हे छापून फ्रिजवर लावतो. आणि ते बारावं? "मोजून अकरा" असं म्हणालात. सहा तंबूत, मग शेतावर पाच. तिथेही सहाच दिली असतील ना, मग सहावं कुठे गेलं?

सांजवारा

अरेच्चा, ते राहिलंच!

शेतावर सहा काढून दिली होती. पाच मी खाल्ली. सहावं नवऱ्याच्या हातात दिलं, उघडायला. स्पर्धा बघून त्याचे हात शिवशिवत होते ना. त्याने सुरी लावली, फिरवली, टक झालं नाही. दुसऱ्यांदा लावली, नाही. चार-पाच मिनिटं घाम गाळला. तोवर शेतकरी पिशव्या बांधून मोकळा झाला, पाणी घोट्याच्या वर चढायला लागलं होतं. तो म्हणाला, आता निघायला हवं. नवऱ्याने ते कालव शेतकऱ्याला परत दिलं. त्याने दुसऱ्या एका कालवावर आपटून आवाज ऐकला, "हं" केलं आणि जवळच्या पिशवीत टाकून रबर लावलं.

चिमटा

शेंगदाणा, वाचताय ना? एक वाचलं.

शेंगदाणा

वाचतेय. त्या शाकाहारी माणसाला माझा नमस्कार सांगा.

खाडीकाठ

पुढच्या सप्टेंबरात लेकीकडे मँचेस्टरला असणार आहे, तिथून गॉलवे जमवतो. उत्सव महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, एवढं शोधून काढलं. शेतावरच्या ओहोटीचा दिवस कसा काढायचा? इंटरनेटवर कोष्टक मिळतं का?

सांजवारा

मिळतं, गॉलवे बंदराचं बघा. पण तुम्हाला कोष्टकाची गरज नाही. मी आईला फोनवर म्हटलं की उधाणाचा दिवस शोधतेय, तर तिने भिंतीवरची दिनदर्शिका बघून दोन मिनिटांत सांगितला. अमावस्या किंवा पौर्णिमा धरायची आणि पुढचे दोन दिवस. शेतकऱ्याने सांगितलेला वार आणि आईने सांगितलेला वार एकच निघाला. उधाणाच्या दिवशी गॉलवेच्या बाजूला खोल ओहोटी दुपारच्या सुमाराला येते, त्यामुळे पहाटे उठायचीही कटकट नाही. जायच्या आधी शेतावर फोन मात्र करा, वारा पश्चिमेचा असेल तर पाणी पुरतं उतरत नाही.

खाडीकाठ

पंचांग घेऊनच निघतो. आणि बूट?

सांजवारा

बूट तेच देतात. मोजे दोन जोड न्या.